सुयांवर राहिलेली कुंची

आमच्या नात्यात, शेजारात, कचेरीत कुणाकडे पाळणा हलणार असला की पहिली आठवण माझी व्हायची. “अक्का, सातवा लागलाय, लोकर घेऊन ठेवा.” टोपडं, मोजे, झबलं, कुंची, जे सांगतील ते मी विणून द्यायचे. माझ्या हातांचं कौतुक करताना लोकांची जीभ थकत नसे. तेच हात मोटारसायकलच्या मुठीवर गेले की त्याच लोकांची तोंडं चिंच खाल्ल्यासारखी व्हायची. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही आणि आजही लागत नाही. हात दोनच होते हो. विणायला दोन आणि गाडी चालवायला दोन, असे चार मला कुणी दिले नव्हते.

विणकाम आईचं आणि गाडी बापाची. नांदेडला बापाचं मोटारसायकली दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर बसून आई विणायची. मी दोघांच्या मधे वाढले. एका कानाने ‘दोन सुलट, एक उलट’ आणि दुसऱ्या कानाने ‘दहाचा पाना दे’. धाकट्या भावाला बापाने आधी गाडी शिकवायला घेतलं, रीतच ती. पण किक उलटी बसून त्याची नडगी सुजली आणि तेव्हापासून तो गाडीला, मारक्या बैलाला घालावा तसा वळसा घालून जायला लागला. मग बाप मला म्हणाला, “तू बस.” मी बसले. त्यात ना बंड होतं ना पराक्रम. घरात गाडी होती आणि ती चालवू शकणारं माणूस मी होते.

आईबाप पाठोपाठ गेले. भावाने दुकानाच्या जागी वह्यापुस्तकांचं दुकान टाकलं. गाडी आणि सुया माझ्याकडे आल्या. दोन्ही मीच वापरत होते, तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोलायला सुरुवात नंतर झाली, मी लातूरला गेल्यावर.

लातूरचा नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या भराभर उघडल्या आणि माणसं कमी पडली म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतून उचलून आणली, त्यात मी एक कारकून. जिल्हा नवा, दारावरची पाटी नवी, खुर्च्या मात्र कुठल्या तरी जुन्या कचेरीतून आलेल्या, एकेक पाय नसलेल्या. बायकांसाठी मोरी सुद्धा नव्हती, पण ‘बाई मोटारसायकलवर येते’ या विषयावर चर्चा करायला साहेबांना वेळ होता. त्यांनी मला बोलावून सांगितलं की कचेरीच्या आवारात बाईमाणसाने मोटारसायकल लावणं शिस्तीत बसत नाही, लोकांचं लक्ष विचलित होतं. मी विचारलं, “बैलगाडी लावली तर चालेल का साहेब?” त्यांनी समोरची फाईल उघडली. आठवडा गेला असेल नसेल, त्याच साहेबांनी शिपायाकरवी निरोप पाठवला की नातू झालाय, एक स्वेटर होईल का, पिवळ्या रंगात बरा दिसेल.

मी विणला. पिवळाच विणला. बाळाचा काय दोष?

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. कचेरीत दुसरं कामच नव्हतं. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या गावाला नाही, कुठल्या रस्त्याचं काम सुरू करायचं. माझ्या घरमालकिणीने अंगणात रांजणाला झाकण घालून त्यावर दगड ठेवला होता. आणि बाळाची लोकर तर धुतल्याशिवाय विणायची नाही, ही आईची शिस्त. बाजारातली लोकर किती हातांतून येते, त्यात बाळाचं अंग कोवळं. मी माझ्या आंघोळीच्या पाण्यातलं पाणी वाचवून लोकर धुवायचे आणि ते पाणी तुळशीला टाकायचे. मालकीण म्हणायची, “बाई, पाणी माणसाला न्हाई अन् तुम्ही लोकरीला आंघोळ घालून राहिल्या.” तिच्या सुनेला दिवस गेले तेव्हा मात्र तिने स्वतः तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “नीट धुवा हं.”

आईची दुसरी शिस्त त्याहून कडक होती. बाळाचं तोंड बघायच्या आधी कुंचीचं तोंड बांधायचं नाही. कुंची पाठीकडून विणत आणायची, शेवटची ओळ बाळाच्या कपाळावर येते. ती ओळ सुईवर ठेवायची आणि बाळाला मांडीवर घेऊन, चेहऱ्याचा अंदाज बघून मगच टाके बंद करायचे. कुणाचं कपाळ मोठं असतं, कुणाचं बाळ चिमूटभर असतं. आधीच बांधून टाकली तर ती एकतर डोळ्यांवर येते नाहीतर मानेवर पडते. शिवाय जे माणूस अजून आलं नाही त्याचं कापड पुरं करून ठेवायला आई धजत नसे. म्हणून माझी प्रत्येक कुंची सुयांसकट प्रवास करायची. गाडीच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत कुंची. वाटेत इंजिन तापलं की बाभळीखाली थांबायचं, इंजिन निवेपर्यंत दोन ओळी विणायच्या. लोक विचारतात, दोन्ही कसं जमवता? असं जमायचं. गाडीला विसावा लागतो आणि विणकामाला निवांत वेळ लागतो.

भावाचं लग्न झालं ते देगलूरला. सासरे कापडाचे व्यापारी, घरात मराठी, दुकानात कानडी आणि उधारीवाल्यांशी तेलुगू. साखरपुड्याला मी गाडीवर गेले होते. आईचं नऊवारी लुगडं नेसून, काष्टा घालून, कारण पाचवारीत किक मारता येत नाही आणि नऊवारीपेक्षा सोयीचं काही कुणी अजून शोधलेलं नाही. जुन्या वळणाच्या माणसांना काष्टा दिसला नाही, गाडी तेवढी दिसली. व्याही भावाला म्हणाले म्हणे, “तुमच्या भगिनी जरा मोकळ्या वळणाच्या दिसतात.” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

भावजय मात्र वेगळी निघाली. लग्नानंतर मी नांदेडला गेले असताना एके दिवशी भाऊ दुकानात गेला आणि ती हळूच म्हणाली, “वन्सं, मला एकदा बसवता का मागे?” आम्ही भोकरच्या रस्त्याला गेलो. गाव मागे पडल्यावर ती माझ्या कानाशी हसत होती, पदर वाऱ्यावर उडत होता आणि तो तिने धरला नाही. परत आल्यावर म्हणाली, “ह्यांना सांगू नका.” मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय, आणि आता तिची परवानगी आहे.

तिला पहिली मुलगी झाली, रिवाजाप्रमाणे माहेरी, देगलूरला. मी एकुलती एक आत्या. आत्याने कुंची आणायची, बाळाला पाळण्यात घालायचं आणि कानात नाव सांगायचं. सख्खी आत्या असताना दुसऱ्या कुणी हे करावं अशी रीत आमच्याकडे नाही. मी पांढऱ्या लोकरीची कुंची विणायला घेतली, कडेला अबोली रंग. दुष्काळामुळे रजा सगळ्यांच्या बंद होत्या, पण पिवळ्या स्वेटरचं थोडं वजन पडलं आणि साहेबांनी बारशाच्या दिवशी अर्धा दिवस दिला. एस.टी.ने गेले असते तर बारसं उरकून पाळणा उतरवल्यावर पोचले असते. गाडीने संध्याकाळच्या आत पोचणार होते.

बारशाच्या आदल्या दिवशी भाऊ दारात उभा. दुकानाचा माल घ्यायला लातूरला आला होता आणि इथूनच उदगीरमार्गे देगलूरला निघाला होता. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग बशीत बघत म्हणाला, “अक्का, कुंची झाली का?”

“होत आली. उद्या मी घेऊनच येते.”

“गाडीवर?”

“नाहीतर काय, पालखीत?”

तो हसला नाही. “तसं न्हाई अक्का. सासऱ्यांनी लई माणसं बोलावलीत. बाजारातले सगळे व्यापारी येऊन राहिलेत. तुला एवढ्या लांबून त्रास कशाला? आपली चुलत अक्का येणारच हाय. ती ठेवील नाव.”

तुला त्रास कशाला! या तीन शब्दांच्या दयेचा मला आयुष्यभर वीट आलाय. बाईला काही नाकारायचं असलं की ते तिच्या सोयीच्या वेष्टनात गुंडाळून देतात, म्हणजे वर तिनेच आभार मानायचे. मी विचारलं, “आणि कुंची?”

“ती दे की माझ्याजवळ,” तो पटकन म्हणाला. “कुंची तर तुझीच पाह्यजे. सासूबाईंनी मुद्दाम सांगितलंय, तुमच्या अक्कांच्या हातचीच आणा म्हणून.”

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाच्या गाडीला घाबरून पळणारा हा पोरगा, ज्याच्या शाळेच्या स्वेटरपासून ते लग्नातल्या मफलरपर्यंत सगळं मी विणलं, तो मला सांगत होता की तुझे हात पाठव, तू मागे राहा. मी म्हणाले, “ती सुयांवर आहे. तुला माहीत आहे, ती तशी का असते ते.”

“हाव, माहीत हाय. तिथं कुणीतरी करंल पुरी.”

आईचा मुलगा हे म्हणाला. मी कुंची आणून त्याच्यापुढे ठेवली. ओढून घेता आली असती, फेकून देता आली असती, पण ती बाळाची होती, त्याच्या सासऱ्याची नव्हती. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळली, सुयांची टोकं दोन्हीकडून बाहेर, आणि गेला. मी दार लावलं आणि रडले. रागाने रडले, हे स्पष्ट सांगते, कारण बाई रडली की लोक दुसराच अर्थ काढतात. सगळ्यात जास्त लागलं ते भावजयीचं. भोकरच्या रस्त्यावर कानाशी हसणारी ती, तिलाही हे चाललं?

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. अर्धा दिवस मिळाला होता तो साहेबांना परत केला. टँकरचे कागद पुढे ओढले आणि लागले कामाला. दहा-अकराच्या सुमारास साहेबांच्या खोलीत फोन खणाणला आणि शिपाई मला बोलवायला आला. देगलूरहून भाऊ, सासऱ्यांच्या दुकानातून.

“अक्का, ये.”

“काय झालं? बाळ बरं आहे ना?”

“बाळ बरं हाय. कुंचीचं... तू ये. ही ऐकून न्हाई राहिली.”

“कशी येऊ?”

फोनवर नुसती खरखर. मग म्हणाला, “गाडीवर ये.”

“काय म्हणालास? ऐकू आलं नाही.”

ऐकू अगदी स्वच्छ आलं होतं. “गाडीवर ये, अक्का,” तो मोठ्याने म्हणाला, आणि त्या वेळी त्याच्या सासऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं असावीत अशी माझी मनापासून इच्छा होती. साहेब समोर बसून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “जा.”

तिथे काय घडलं होतं ते मला नंतर भावजयीने सांगितलं. सकाळी बायका कुंची बघायला जमल्या. आमची चुलत बहीण बिचारी शिवणकामात तरबेज, पण विणकामाचा गंध नाही. तिला वाटलं, सुया वाटेत हरवू नयेत म्हणून कुंचीत खोवून दिल्यात. तिने एक धरली आणि सर्रकन उपसली. कपाळावरची अर्धी ओळ मोकळी, टाके तोंड उघडून बसलेले, आणि एकेक खाली गळायला लागला. भावजय बाळंतिणीच्या बाजेवरून उठली, कुंची हिसकावून घेतली आणि आपल्या केसांतले आकडे काढून सुटलेले टाके त्यांत ओवून धरले. माझ्याकडून कधी काही शिकली नव्हती, नुसती शेजारी बसून बघायची. मग म्हणाली, “वन्सं येतील, त्यांच्या हाताने हे बंद होईल, मगच माझी पोरगी पाळण्यात जाईल. तोवर ती माझ्या मांडीवर.”

तिच्या आईने समजावलं, बाप दारातून ओरडला. पण बाळंतिणीला कुणाला फार टाकून बोलता येत नाही. तिला दुखावलं तर दूध आटतं, हे त्याच घरातल्या म्हाताऱ्यांनी तिला लहानपणापासून ऐकवलेलं. तिने ते बरोबर वेळेला त्यांच्यावरच उलटवलं. तिच्याविषयी मी आदल्या रात्री जे जे मनात आणलं होतं ते सगळं मागे घेतलं.

मी घरी जाऊन लुगडं नेसले, बापाचा गॉगल लावला आणि निघाले. उदगीरपर्यंत गाडी नीट होती. पुढे उघड्या माळावर चेन उतरली. रस्त्याच्या कडेला बसून चढवली, हात मनगटापर्यंत काळे झाले. पुढच्या हॉटेलात पाणी मागितलं तर मालक म्हणाला, “बाई, प्यायाला दीन. हात धुवाया न्हाई.” त्याचं काही चुकलं नव्हतं. मी मातीने हात घासले, लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसले आणि पुढे निघाले.

देगलूरला मांडव घातला होता. व्याही स्वतः पुढे आले, हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, गाडी तेवढी मागच्या गल्लीत लावता का?”

“चेन सैल आहे,” मी म्हणाले. “आता ढकलवत नाही.” आणि मांडवाच्या तोंडाशी स्टँडवर घेतली. खरं तर गाडी ढकलता येण्याइतकी चेन चांगली होती.

आत विहीणबाईंनी माझे हात बघितले. “या हातांनी बाळाला घेणार?” मला तांब्याभर पाणी आणि साबणाची वडी मिळाली. तांब्याभरात जेवढं निघालं तेवढं निघालं, नखांतलं राहिलं. ज्या गाडीने मला वेळेत आणलं तिचं ऑईल ते, ते काही विटाळ नव्हतं. भावजयीने आपल्या आईकडे बघून नुसतं म्हटलं, “घेऊ द्या त्यांना,” आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

एवढंसं तोंड. कुंची डोळ्यांवर आलीच असती. मी केसांचे आकडे एकेक करून काढले, गळलेले टाके वर उचलले, काही टाके कमी केले आणि सगळ्या बायका, सगळे व्यापारी, व्याही, भाऊ बघत असताना सावकाश कपाळावरची ओळ बंद केली. घाई मी मुद्दामच केली नाही. मधेच कुणीतरी फोटोवाल्याला आत बोलावलं, त्याचा दिवा लखलखला. मग मी धागा दाताने तोडला, कुंची चढवली, पोरीला पाळण्यात घातलं आणि कानात नाव सांगितलं. आत्याच्या पाठीवर धपाटे घालायची रीत आहे. विहीणबाईंचा धपाटा रिवाजापेक्षा जरा जास्तच जोरात बसला.

निघताना भावजय म्हणाली, “वन्सं, पदर खोचला का?” मी हसले. भाऊ मांडवाच्या तोंडाशी गाडीजवळ उभा होता, वळसा न घालता. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तो म्हणाला, “सांभाळून जा.” तेवढंच.

काही महिन्यांनी नांदेडला त्याच्या घरी गेले तर भिंतीवर बारशाचा फोटो, मोठा करून, फ्रेममधे. बाळ, अबोली कडेची कुंची, भावजयीची मांडी, आणि कुंचीवर दोन हात, मनगटापासून पुढे. माणूस नाही. काष्टा नाही, गॉगल नाही, तोंड नाही. मी विचारलं, “मी कुठे गेले?”

“फ्रेममधे बसत नव्हतं,” भाऊ म्हणाला. “सासऱ्यांनी करून पाठवलाय.”

फ्रेममधे बसत नव्हतं. मी त्या दिवशी जेवले नाही. भावजय म्हणाली, काढून टाकते, पण मी तिला करू दिलं नाही. सासरच्या माणसांनी दिलेलं तिनं फेकलं असतं तर बोलणं तिलाच बसलं असतं. नंतर किती वर्षं त्या घरी येणारा जाणारा त्या फोटोपुढे उभा राहून म्हणायचा, काय सुरेख कुंची आहे हो, कुणी केली? आणि भाऊ म्हणायचा, “घरचीच हाय.” मी बाजूला बसलेली असले तरी.

मग पोरगी शाळेत जायला लागली. एका सुट्टीत मी गेले असताना तिचे देगलूरचे आजोबा आले होते आणि एक पाहुणे. पाहुण्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. भावाने तोंड उघडायच्या आत पोरगी स्टुलावर चढली, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे आत्याचे हात हायेत. नखं बघा, काळी हायेत. गाडीचं ऑईल हाय ते, कधीच निघत न्हाई.” मग आजोबांकडे वळून तिने विचारलं, “आजोबा, आत्याला का कापलं?”

व्याही चष्मा पुसायला लागले. पाहुणे चहा प्यायला लागले. मी मांडीवरच्या माझ्या हातांची नखं बघितली. ती त्या दिवशीही काळीच होती, सकाळी प्लग साफ केला होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर भाऊ म्हणाला, “अक्का, काढून टाकू का तो फोटो?”

“राहू दे,” मी म्हणाले. “फोटो राहू दे. कुणी विचारलं तर तोंडाने सांग, कुणाचे हात आहेत ते.”

त्याने मान हलवली. पुढे कुणाला कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पोरगी मात्र सांगते.